नववीला सर्व्हे आणि सॅम्पलिंग कसं शिकवू? पोरं म्हणतात "सर, आम्ही रँडमच विचारलं"

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी हायस्कूलला गणित शिकवतो, नववी आणि दहावी. बीएस्सी मॅथ्स, बीएड. स्टॅटिस्टिक्सचा कॉलेजात एक पेपर होता तो पास होण्यापुरता केला होता, त्यामुळे मला यातलं फार कळतं असं धरून उत्तर देऊ नका.

झालं असं की सांख्यिकीचा धडा संपला, मध्य मध्यक बहुलक पोरांनी घोकून काढलं, आणि मला हौस आली की चला आता खराच सर्व्हे करू. विषय साधा ठेवला, गावात किती घरी जारचं पाणी विकत घेतात. पाच गट केले. आठवड्याने आकडे आले तर एका गटाचं ७१ टक्के आणि एकाचं १८ टक्के, बाकीचे मधे कुठेतरी लोंबकळतायत. चौकशी केली तेव्हा कळलं की ७१ वाले बाजारादिवशी स्टँडसमोरच्या दुकानदारांना विचारून आले आणि १८ वाली वाडीवरची पोरं आहेत, त्यांनी आपल्याच भावकीत विचारलं, तिथे दारोदार बोअर आहे, जार कशाला घेतील. पोरं मला विचारतात, सर बरोबर कुणाचं? मी म्हटलं दोघांचं चूक, सॅम्पल, म्हणजे विचारायला निवडलेली घरं, रँडम पाहिजे. त्यावर एक जण उभा राहून म्हणाला, "सर आम्ही रँडमच विचारलं की, जो दिसला त्याला."

आणि खरं सांगतो मला पटकन उत्तर देता आलं नाही.

दुसरी भानगड म्हणजे आमचे मुख्याध्यापक म्हणतात गाव सहा हजारांचं आहे, दहा टक्के तरी घ्या, म्हणजे ६०० माणसं. हा दहा टक्क्यांचा नियम खरा आहे का? वर्गात ५८ पोरं, तास ३५ मिनिटांचा, कॉम्प्युटर लॅब आहे पण चावी मिळत नाही. तीन-चार तासांत बसेल असं काहीतरी सांगा. सूत्रं नकोत, ती मी बघून घेईन.

---

बांधावरचा

सर, तुमच्या पोरानं जे म्हटलं ना तिथेच सगळा धडा आहे. आपल्या बोलण्यात रँडम म्हणजे कसंही, ठरवलेलं नाही ते. आणि सर्व्हेतलं रँडम म्हणजे नेमकं उलट, सगळं आधी ठरलेलं, फक्त कोण येणार ते चिठ्ठीनं ठरवायचं, तुम्ही नाही. "दिसेल तो" म्हणजे जो स्टँडवर येतो तो. जो येत नाही त्याला चान्सच नाही. गावातल्या प्रत्येक घराला यादीत येण्याची ठरलेली संधी आहे का, एवढा एकच प्रश्न विचारायचा. रँडमला पुस्तकातला यादृच्छिक हा शब्द पोरांना जड जातो पण एका अर्थी बरा आहे, कारण रँडम हा शब्द रोजच्या वापरात फार सैल झालाय.

मी रिटायर माणूस, बरीच वर्षं पीक कापणी प्रयोगांच्या कामात काढली. तिथलं सांगतो, गावातली पोरं आहेत, लगेच कळेल. आता शेतात जाऊन उत्पन्न किती आलं ते काढायचं तर अख्खं शेत कापून मोजणं परवडत नाही, म्हणून एक छोटा तुकडा आखायचा, बऱ्याच पिकांना १० मीटर बाय ५ मीटर, तेवढंच कापायचं, मळायचं, वजन करायचं. आता हा तुकडा शेतात कुठे आखायचा? इथेच गंमत आहे. गावातल्या शेतांचे गट नंबर रँडम निघतात, आणि मग शेतात गेल्यावर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात उभं राहायचं, दोन रँडम आकडे घ्यायचे, इतकी पावलं लांबीकडे, इतकी रुंदीकडे, जिथे पोहोचाल तिथे खुंटी. संपलं. तिथे पीक झोपलेलं असो, नाहीतर डोक्याएवढं असो.

शेतकरी बांधावर उभा असतो. पूर्वी म्हणायचा, साहेब तिकडं कशाला, हिकडं बघा की कसं आलंय, म्हणजे त्याला स्वतःच्या पिकाचा अभिमान. पीक विमा आल्यापासून उलटं, साहेब तिकडं नको, हिकडं घ्या, हिथं काहीच आलं नाही. दोन्ही वेळेला माणूस तोच आणि शेत तेच. आणि आपलंही मन काही साफ नसतं बरं का, उन्हात पाय आपोआप बांधाच्या कडेकडेनं चालतात. म्हणून ते दोन आकडे असतात, शेतकऱ्यापासून वाचायला आणि स्वतःपासूनही.

यात आपल्या मराठी माणसाचा मोठा हात आहे, तेही पोरांना सांगा. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत असताना १९४० च्या दशकात त्यांनी ही पद्धत बसवली. तिकडे कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांनी १९३१ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली आणि बंगालात तागाच्या पिकाचे सर्व्हे केले. या दोघांचा जोरदार वाद होता. महालनोबिस म्हणत तुकडा छोटा घ्या पण जास्त ठिकाणी घ्या, सुखात्मे म्हणत तुकडा फार छोटा घेतला की आकडा फुगतो. का फुगतो ते बघा. आखलेल्या रेषेवर जे ताट, म्हणजे पिकाचं उभं रोप, येतं ते आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस आतच धरतो, भरलेलं कणीस कोण सोडेल. मोठ्या तुकड्यात कडेचा वाटा थोडा असतो म्हणून खपून जातं, छोट्यात तीच चूक मोठी होते. मी स्वतः हे होताना बघितलंय.

बाकी ते दहा टक्के वगैरे दुसऱ्या कोणीतरी सांगा, मी फार टाइप करू शकत नाही मोबाईलवर.

---

चहा_बिस्कीट

एवढं कशाला, शितावरून भाताची परीक्षा. आजीला विचारा, तिला सॅम्पलिंग येतं 😄

---

पंगतवाला

@चहा_बिस्कीट भाऊ, ते घरच्या कुकरला ठीक. आमचा केटरिंगचा धंदा आहे. चाळीस किलोच्या भाताच्या पातेल्यात वरचं शीत बघून उतरवलं तर वर कच्चा, मधे फडफडीत, खाली करपलेला असं तिन्ही निघतं. आचारी उलथनं खालपर्यंत घालून चार ठिकाणचं बघतो तेव्हा सांगतो झाला म्हणून. म्हणजे म्हण खरी आहे पण पातेलं ढवळलेलं पाहिजे, आणि गाव काय ढवळता येत नाही.

---

खडू_फळा

"गाव ढवळता येत नाही" हे उद्या फळ्यावर लिहितो, तुमची परवानगी आहे असं समजून.

---

निम्मा_सांख्यिक

सर, मी पुण्यात डेटावाल्या कंपनीत आहे, रविवारी एका वस्तीत दहावीच्या मुलांना शिकवतो. दहा टक्क्यांचं आधी सांगतो. असा नियम नाही. सगळ्यांना वाटतं की गाव मोठं तर सॅम्पल मोठं, पण अचूकपणा सॅम्पलमध्ये किती जण आहेत यावर ठरतो, गावाच्या किती टक्के यावर जवळजवळ ठरतच नाही. ढोबळ हिशेब असा की १ ला सॅम्पलच्या वर्गमुळाने भागा. १०० घरं घेतली तर चूक इकडेतिकडे १० टक्के, ४०० घेतली तर ५, हजार घेतली तर साधारण ३ टक्के. हे तुमच्या गावालाही तेच आणि अख्ख्या महाराष्ट्रालाही तेच. (हे टक्केवारीच्या प्रश्नाला, आणि वीसात एकोणीस वेळा खरं. उरलेल्या एका वेळेला नशीब.) आणि बघा, चूक निम्मी करायला सॅम्पल चौपट लागतं, म्हणून कोणी उगाच लाख लाख माणसं विचारत बसत नाही.

मुलांना हे ऐकून पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. करून दाखवा. लाल चवळी आणि पांढरी चवळी आणा. तीनास एक या प्रमाणात मिसळून एक डबा भरा आणि त्याच प्रमाणात एक बादली. डोळे मिटून दोन्हीतून ५० दाणे काढायचे, लाल किती ते मोजायचं, असं प्रत्येकाने. ५८ मुलांचे आकडे फळ्यावर मांडा. डब्याचे आणि बादलीचे आकडे सारखेच पसरलेले दिसतील, बादली डब्याच्या वीसपट असली तरी. एक काळजी घ्या, राजमा आणि मूग असलं काही घेऊ नका, हलवलं की मोठे दाणे वर येतात आणि मूठ मारली की तेच हाताला लागतात. मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि माझाच पचका झाला.

अपवाद एकच, गावच इतकं छोटं असेल की सॅम्पलने त्याचा मोठा हिस्सा खाल्ला, म्हणजे ५८ च्या वर्गातल्या ४० मुलांना विचारलंत तर चूक वरच्या हिशेबापेक्षा कमी येते. ते सोडा.

तुमच्याकडे ५८ मुलं आहेत, प्रत्येकाला दोन घरं द्या, ११६ घरं झाली, साधारण ९ टक्के इकडेतिकडे. शाळेच्या सर्व्हेला भरपूर झालं. ६०० ची गरज नाही. ६०० घेऊन ती स्टँडवर घेतलीत तर त्याच चुकीवर जास्त चप्पल झिजवली, एवढंच.

यावरचं नेहमीचं उदाहरण आहे ते सगळ्यांनी ऐकलेलं असेल, तरी मुख्याध्यापकांना सांगायला उपयोगी. १९३६ ला अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, टेलिफोनची यादी, गाड्यांच्या नोंदी असल्या ठिकाणांहून नावं काढून. मंदीचे दिवस, फोन आणि गाडी कुणाकडे असणार? २३ लाखांच्या आसपास परत आल्या. त्यावरून त्यांनी सांगितलं रुझवेल्टच्या विरोधातला उमेदवार लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात रुझवेल्ट ६० टक्क्यांच्या वर मतं घेऊन जिंकला आणि लँडनला फक्त दोन राज्यं मिळाली. गॅलप नावाच्या मतचाचणीवाल्याने त्याहून कितीतरी छोट्या सॅम्पलवर रुझवेल्ट सांगितला होता. आणि दोष नुसता यादीचाही नाही, चारातल्या तिघांनी उत्तरच दिलं नाही, जे रुझवेल्टवर चिडलेले होते त्यांनी हौसेने भरून पाठवलं. आज यूट्यूबवर पोल टाकतात त्यात दोन लाख व्होट आले म्हणून नाचतात, तीच कथा.

---

भिशीताई

मी गणिताची नाही हो, पण चिठ्ठ्यांवरून आठवलं म्हणून लिहिते. आमच्या भिशीत वर्षभर चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यातून काढायचो आणि लक्षात आलं की जी शेवटी घडी करून टाकते तिचीच लवकर निघते. कोणी लबाडी करत नव्हतं, चिठ्ठी वरच राहते, डबा नुसता दोनदा हलवला की झालं असं आपण समजतो. मग आम्ही मोठं पातेलं घेतलं आणि हाताने खालीवर करून मगच काढायला लागलो. तेव्हा सर, चिठ्ठ्या वापरणार असाल तर सगळ्या एकाच कागदाच्या, सारख्या घडीच्या करा.

---

निम्मा_सांख्यिक

@भिशीताई तुमच्या भिशीत झालं तेच अमेरिकेत १९६९ ला झालं. व्हिएतनाम युद्धासाठी कुणाला आधी बोलवायचं त्याची सोडत जन्मतारखेवरून काढली, वर्षाच्या ३६६ तारखा कॅप्सूलमध्ये. महिन्या-महिन्याने भरल्या आणि नीट ढवळल्या नाहीत, डिसेंबरचे वरच राहिले. डिसेंबरात जन्मलेल्यांचे नंबर फार लवकर लागले. तिथे साडी-भांड्यांचा प्रश्न नव्हता.

---

वऱ्हाडी_मॅडम

सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सातवीपर्यंत, तरी एक खेळ सांगते, दहा मिनिटांत होते. वर्गातल्या प्रत्येकाला विचारा, तुमच्या घरी तुला धरून पोरं किती. सगळ्यांची बेरीज, भागिले वर्ग, सरासरी काढा. मग विचारा, ही आपल्या गावातल्या घरांची सरासरी झाली का? पोरं म्हणतील हो. झाली नाही!

फळ्यावर पाच घरं काढा. एका घरी पोरच नाही, दोन घरी एकेक, एका घरी दोन, एका घरी चार. आठ पोरं, पाच घरं, सरासरी १.६. आता त्याच आठ पोरांना शाळेत विचारलं तर उत्तरं येतात १, १, २, २, ४, ४, ४, ४. बेरीज २२, भागिले ८, म्हणजे २.७५. कोणी खोटं बोललं नाही, बेरीज चुकली नाही, तरी आकडा कुठच्या कुठे. चार पोरांचं घर चारदा बोललं अन् बिनपोराचं घर तर शाळेत येतच नाही. माझ्या वर्गात एक पोरगी लगेच म्हणाली, मॅडम म्हणजे एसटीत पण असंच, आपल्याला वाटते सगळ्या गाड्या भरूनच येतात कारण भरल्या गाडीतच जास्त लोक असतात. मी तर पाहतच राहिले, हे मला सुचलं नव्हतं.

तुमच्या जारच्या पाण्याला हे लागू आहे बरं. पोरांना आपापल्या घरचं विचारून गावाचा आकडा काढाल तर ज्या घरी शाळेत जाणारं पोर नाही ती घरं गेली, म्हातारा-म्हातारीची घरं गेली.

---

खडू_फळा

खूपच कामाचं मिळतंय. चवळी आणि पोरांचा खेळ या आठवड्यात करतो. आता मला असं हवंय की "आपण डोळ्यांनी चांगलं सॅम्पल निवडू शकतो" हा जो भ्रम आहे तो फुटला पाहिजे. कारण एक हुशार मुलगी म्हणाली, सर चिठ्ठ्या कशाला, आपण थोडी वाडीवरची, थोडी पेठेतली, थोडी गरीब थोडी श्रीमंत अशी घरं बघून निवडू ना, ते जास्त चांगलं होईल. आणि ते ऐकायला बरोबरच वाटतं.

---

बांधावरचा

ती मुलगी अर्धी बरोबर आहे, तिला हिरमुसू देऊ नका. वाडी आणि पेठ वेगळी करणं हे बरोबर, प्रत्येक भागातून त्याच्या प्रमाणात घरं घ्या, त्याला स्तरित नमुना म्हणतात. पण वाडीतलं कुठलं घर, हे मात्र चिठ्ठीनंच.

भ्रम फोडायला शेतांचाच खेळ घ्या. चौकटीच्या कागदावर १०० शेतं काढा, ०० ते ९९ नंबर द्या, काही एका चौकोनाची, काही चार, काही बारा-सोळा चौकोनांची, इकडेतिकडे विखरून. झेरॉक्स वाटा. पहिल्यांदा सांगा, दहा सेकंद बघा आणि तुम्हाला नमुनेदार वाटतील अशी पाच शेतं निवडा, त्यांच्या क्षेत्राची सरासरी लिहा. मग ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या, एक काढायची, आकडा लिहायचा, परत टाकायची, पुन्हा ढवळून दुसरी काढायची, झाला दोन आकडी नंबर. अशी पाच शेतं, पुन्हा सरासरी. दोन्ही फळ्यावर मांडा. पुढचं तुम्हीच बघा, मी सांगत नाही.

---

अपार्टमेंट_सेक्रेटरी

चिठ्ठीचा कंटाळा आला तर यादीतून प्रत्येक अमुकावा नंबर घेतात ना, पहिला रँडम आणि मग दर बाविसावा वगैरे, ते सोपं पडतं. पण जपून. आमच्या सोसायटीत पाण्याच्या प्रेशरचा सर्व्हे केला, दर आठवा फ्लॅट. मजल्यावर चार फ्लॅट. म्हणजे आठवा नेहमी कोपऱ्यातला चार नंबरचाच, एक मजला सोडून एक, आणि चार नंबरची पाइपलाइन वेगळी आहे 🤦 रिपोर्ट आला की सगळ्यांना भरपूर पाणी. जनरल बॉडीत काय झालं ते विचारू नका.

---

मुकं_नाणं

मी मानसशास्त्राला आहे एमएला. पोरांना आवडेल अशी एक युक्ती सांगते, खरं उत्तर द्यायला लाज वाटेल अशा प्रश्नासाठी. समजा "परीक्षेत कधी कॉपी केलीस का". सरळ विचारलं तर सगळे साधुसंत. म्हणून प्रत्येकाने लपून नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो "हो" लिहायचं, काटा आला तर खरं लिहायचं. आता कुणाच्या चिठ्ठीवर "हो" दिसलं तरी सर काही बोलू शकत नाहीत, छापा आला असेल. पण वर्गाचा आकडा निघतो. ६० मुलं, साधारण ३० जणांना छापा येणार म्हणजे ३० "हो" फुकटचे. एकूण ४१ "हो" आले तर ११ उरले, उरलेल्या ३० पैकी, म्हणजे ३७ टक्क्यांच्या आसपास. वॉर्नर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६५ ला अशी कल्पना मांडली, त्याचा प्रकार थोडा वेगळा होता, नाण्याचा हा सोपा. ६० जणांत आकडा बराच हलतो, तेवढं मुलांना सांगा.

आणि प्रश्न कसा विचारता तेही बघा प्लीज. "तुम्ही शुद्ध पाणी पिता का" असं विचारलं तर नाही कोण म्हणेल? "गेल्या सात दिवसांत घरी किती जार आले" असं विचारा.

---

खडू_फळा

मंडळी, केलं. शेतांचा खेळ काल आणि आज दोन तासांत झाला, रिपोर्ट देतो.

शंभर शेतांचं एकूण क्षेत्र ६१२ चौकोन, म्हणजे खरी सरासरी ६.१२, हे मी पाकिटात बंद करून टेबलावर ठेवलं होतं. ५४ पोरं हजर. डोळ्यांनी निवडलेल्यांची सरासरी आली ८.३. चौपन्नातल्या फक्त सात जणांची सहाच्या खाली. चिठ्ठ्यांनी काढलेल्यांची सरासरी ६.३. पाकीट फोडल्यावर वर्गात जो गोंधळ झाला तो शेजारच्या वर्गातून मॅडम बघायला आल्या. मोठी शेतं डोळ्यात भरतात, एक चौकोनाचं कुणाला दिसतच नाही, हे त्यांचं त्यांनीच सांगितलं. ती हुशार मुलगी म्हणाली, मी मुद्दाम दोन लहान घेतली होती तरी माझं साडेसात आलं.

पण मग एकाने खोडी काढली. त्याचं चिठ्ठीवालं उत्तर आलं होतं ११ आणि शेजारच्याचं २.८. म्हणाला, सर चिठ्ठीनं पण चुकतंच की, मग फायदा काय? मी बोललो काहीतरी पण मलाच समाधान झालं नाही.

---

बांधावरचा

हा प्रश्न विचारणाऱ्या पोराला माझ्याकडून चहा.

त्याला सांगा, बाजारात दोन दुकानदार आहेत. एकाचा तराजू वाऱ्यानं हलतो, कधी जास्त दाखवतो कधी कमी. दुसऱ्याचा तराजू अगदी स्थिर आहे पण त्यानं काटा मारलाय. पहिल्याकडे दहादा वजन करून सरासरी काढली की खरं वजन सापडतं. दुसऱ्याकडे हजारदा केलं तरी तेवढंच खोटं येणार, आणि दर वेळी सारखंच येतं म्हणून तुम्हाला ते खरं वाटणार. चिठ्ठी हलते. डोळ्यानं काटा मारलेला असतो. आणि हलणाऱ्या तराजूचं अजून एक, तो किती हलतो ते आधी सांगता येतं, ते १ भागिले वर्गमूळ वगैरे वर सांगितलंय ते हेच. काटा किती मारलाय ते दुकानदार सांगत नसतो.

---

निम्मा_सांख्यिक

यापेक्षा चांगलं मी सांगू शकलो नसतो. फक्त भर, त्याच मुलांना आता चिठ्ठीने पाचच्या ऐवजी वीस शेतं काढायला लावा. ११ आणि २.८ असली टोकं जवळपास नाहीशी होतील, हलणं निम्म्यावर येईल. डोळ्यांनी वीस निवडली तरी आकड्यांचा डोंगर आपला तिथेच राहतो, आठच्या आसपास.

---

खडू_फळा

सोमवारी करतो. आता खरा सर्व्हे. ग्रामपंचायतीतून घरपट्टीची यादी मिळाली, नमुना ८ ची, साधारण अकराशे घरं. वाडी वेगळी, पेठ वेगळी करून ११६ घरं चिठ्ठ्यांनी काढलीत. दोन शंका. एक, यादीत नदीकडच्या ऊसतोडवाल्यांच्या कोप्या (झोपड्या) नाहीत. दुसरी, काल तालमीसाठी दहा घरी पोरं पाठवली तर चार घरांना कुलूप. एक गट शहाणपणा करून शेजारच्या घरी विचारून आला, सर एकच भिंत आहे म्हणाले.

---

बांधावरचा

कोप्या यादीत नाहीत तर दोनच गोष्टी करता येतात. एक तर पोरांना घेऊन जाऊन त्या मोजा, नंबर द्या, तिसरा भाग करा आणि त्यातूनही चिठ्ठ्या काढा. नाहीतर रिपोर्टवर पहिल्याच ओळीत लिहा की हा आकडा घरपट्टीच्या यादीतल्या घरांचा आहे, गावाचा नाही. पाण्याचाच विषय आहे, मला वाटतं पहिलं करा. कोप्यांवर जार जातो का टँकर, हे तुमच्या गावातही बऱ्याच जणांना माहीत नसेल.

शेजारच्या घरात शिरू द्यायचं नाही. दिवसा जे घर उघडं असतं त्यात म्हातारी माणसं, घरी काम करणाऱ्या बाया, नाहीतर दुकान. कुलूप लावून जाणारं घर म्हणजे नवरा-बायको दोघं कामावर, किंवा रानात. त्यांचं पाणी वेगळं असू शकतं. कुलपाच्या जागी शेजार भरत गेलात की फिरून तुमच्या स्टँडवरच आलात.

---

खडू_फळा

मग कुलपाच्या घरापुढे काय लिहायचं?

---

बांधावरचा

कुलूप. तारीख आणि वेळ. मग संध्याकाळी सातनंतर एकदा, आणि रविवारी सकाळी एकदा, पोरांबरोबर कोणीतरी मोठं माणूस जाऊ द्या. तिन्ही वेळेला कुलूप असेल तर "कुलूप" असंच राहू द्या आणि शेवटी किती कुलपं राहिली तेही आकड्यासोबत छापा. आम्ही तेच करायचो. एकदा एका घरी पाचव्यांदा गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, अहो आम्ही मागच्या दारानं येतो-जातो, पुढचं कुलूप चार वर्षं काढलेलंच नाही.